बेचाळीस चित्रे आणि एक घडीचा नकाशा

मित्रांनो, मला उघडण्याआधी जरा तुमचे हात दाखवा. कोरडे आहेत ना? बोटांना शाई, तेल, काही गोडधोड चिकटलेले नाही ना? मग या, बसा. रागावू नका. मी जन्मतः असा संशयी नव्हतो. पण दीडशे वर्षे कागदाच्या अंगाने जगायचे म्हणजे भीती अंगवळणी पडते. पाणी, आग, वाळवी, कसर, उंदीर, ऊन आणि माणूस, सगळ्यांची मला धास्ती वाटते. त्यातल्या त्यात माणसाची अधिक. बाकीचे काय करणार ते ठाऊक असते; माणसाचे सांगता येत नाही.

मी प्रवासवर्णनाचा एक जुना सचित्र ग्रंथ. एक चित्रकार आणि त्याची धाकटी बहीण एका मोठ्या नदीच्या मुखापासून उगमाकडे बोटीने गेली. भाऊ काठावरची गावे, पूल, होड्या, पक्षी रेखाटायचा आणि बहीण रोज संध्याकाळी दिवसभराची हकीकत लिहायची. परतल्यावर ती चित्रे दगडावर उतरवून छापली गेली आणि त्यांत हाताने रंग भरले गेले. एका लांब टेबलाशी बारा बायका बसत. एकीकडे फक्त निळा, दुसरीकडे फक्त हिरवा, तिसरीकडे फक्त विटांचा तांबडा. चित्र सरकत सरकत टेबलाच्या टोकाला पोचले की पुरे व्हायचे. माझ्या अकराव्या चित्रात आभाळात एक ढग आहे. तो मुळात नव्हता. निळ्या रंगाची बाई शिंकली, कुंचल्यातून थेंब पडला, तिने घाबरून तो फडक्याने टिपला आणि तिथे पांढरा डाग उरला. पुढच्या बाईला वाटले ढगच आहे. तिने त्याला सावलीसुद्धा दिली.

अशी बेचाळीस चित्रे, प्रत्येकावर झिरझिरीत कागदाचे पांघरूण, आणि शेवटी आठ घड्यांचा एक मोठा नकाशा. चामड्याची पाठ, तिच्यावर सोनेरी अक्षरे. आम्ही तीनशे भावंडे एकाच छापखान्यातून बाहेर पडलो. त्यातली आज किती धडधाकट असतील? ऐकून आहे त्यावरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आरंभीची वर्षे कौतुकात गेली. एका जहाजमालकाच्या दिवाणखान्यात माझ्यासाठी उतरते लाकडी स्टँड होते. पाहुणे आले की मला उघडत आणि "अहाहा" म्हणत. मग घराची वाटणी झाली. मी नातवाकडे आलो, नातवाकडून एका क्लबाच्या वाचनकक्षात गेलो. तिथे लोक वाचायला कमी आणि पंख्याखाली डुलक्या काढायला अधिक येत. पुढे वाचनकक्षही बंद पडला आणि कुणीतरी मला एका जड टेबलाच्या लुळ्या पायाखाली सरकवले. मित्रांनो, प्रवासाचा ग्रंथ मी, आणि अकरा वर्षे एका जागेवरून हललो नाही. वर लोक कोपर टेकत, खाली मी श्वास रोखून. कधी कोणी वाटी सांडली की मी खाली पडणारे थेंब मोजत राहायचो.

त्या टेबलाखालून मला ज्यांनी काढले ते नकाशेकाका.

काका भूमापन कचेरीत नकाशे काढायचे काम करत. छत्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या. स्वतः मात्र फारसे कुठे गेले नाहीत. जुनी सचित्र प्रवासवर्णने जमवायची हा त्यांचा एकच नाद. क्लबाचे सामान विकायला काढले तेव्हा ते आले, वाकून टेबलाखाली बघू लागले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "हे काय आहे हो?"

"पुस्तक. टेबल डुगडुगतं म्हणून घातलंय."

काकांनी आधी एक लाकडाचा तुकडा शोधून टेबलाखाली घातला, मग मला काढले. खिडकीशी नेऊन मोजायला सुरुवात केली. जुने सचित्र पुस्तक मिळाले की संग्राहक आधी चित्रे मोजतो. एक जरी कमी असेल तरी तो ग्रंथ जन्माचा अधू. काका एकेक झिरझिरीत कागद उचलत आणि मनात आकडा म्हणत. इतक्या वर्षांत कुणी एखादे पान फाडून नेले असेल तर? माझ्यात काही उणे नाही हे मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? एकेचाळीस. बेचाळीस. मग नकाशा. आठही घड्या उलगडल्या, कुठे चीर नाही. काका तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले.

"चक्कर आली का साहेब?" पहारेकऱ्याने विचारले.

"नाही," काका म्हणाले, "सगळी आहेत."

त्यांच्या घरी माझ्यासारखे आणखी तेहतीस जण होते. मी चौतिसावा. काकूंनी दारातच माझ्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. काकू दवाखान्यात परिचारिका होत्या. तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे बोलणे इंजेक्शनसारखे, झटकन आणि थेट.

"आणलंत आणखी एक? घरात माणसं दोन आणि गलबतं छप्पन्न."

"अगं, बघ तरी."

"बघून काय करू? जन्मभर चित्रातल्या नद्या दाखवल्यात. एकदा खरीखुरी दाखवा."

"चित्रातली बरी. पाय दुखत नाहीत, सामान हरवत नाही."

काकू हसत, पण माझ्या अंगावर धूळ दिसली की त्याच मऊ फडके आणून देत. काका रोज दुपारी एकाला बाहेर काढत. आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, बोटाला थुंकी लावायची नाही, पान वरच्या कोपऱ्याने उलटायचे. ती दहा वर्षे मी सुखात होतो. तरी धाकधूक असायचीच. माझा स्वभाव तो.

एकदा मुलीच्या लग्नाचा फोटो मोठा करून लावायचा होता म्हणून काकूंनी कोपऱ्यावरच्या चौकटवाल्याला घरी बोलावले. चित्रांना लाकडी चौकटी करून देणारा तो माणूस, पंचेचाळिशीचा, कानावर पेन्सिल. मी टेबलावर उघडा होतो. मला बघून तो फोटोचे माप घ्यायचे विसरला.

"काका, ही चित्रं हाताने रंगवलेली? सोडवून एकेक चौकटीत घातलं ना, तर हॉटेलवाले रांग लावतील."

"आणि मधला मजकूर?"

"तो कोण वाचतो हो?"

काका तांबडेलाल झाले. "याची दोनतीनशे भावंडं अशीच कापून भिंतींवर लटकली आहेत. तुम्ही फोटोचं माप घ्या आणि निघा."

तो निघाला, पण जाताना वळून माझ्याकडे बघत गेला. त्याच्या खिशातून पातळ धारदार सुरीचे टोक दिसत होते. त्या दिवसापासून रस्त्यावरून त्याचा आवाज आला तरी माझी पाने एकमेकांना चिकटायची.

पण मित्रांनो, संकट आले ते रस्त्यावरून नाही. ते घरातच, अगदी माझ्या जवळ, हळूहळू आले.

एका दुपारी काकांनी माझी चित्रे मोजली आणि ती एकेचाळीस भरली. पुन्हा मोजली, त्रेचाळीस. तिसऱ्यांदा मोजताना ते मधेच थांबले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटले, दमले असतील. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्यात खूण म्हणून चहाचा ओला चमचा ठेवला. तो डाग पंधराव्या पानावर अजून आहे. मग मला दिवसभर उन्हात खिडकीवर विसरले. चष्मा साखरेच्या डब्यात सापडू लागला. काकू आधी थट्टा करायच्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग थट्टा करेनाशा झाल्या. त्यांनी असे रोगी पाहिलेले होते. डॉक्टरांकडून आल्यावर त्या बराच वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिल्या.

त्यांनी काकांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवली. दाराला वर कडी लावून घेतली. आणि तरीही आमचा जीव टांगणीला लागलेला. आमचा म्हणतो, कारण ज्यांनी मला जपायचे तेच आता मला ओळखतील की नाही, याचा मला घोर लागला होता. काकूंचा घोर तर त्याहून मोठा.

एका सकाळी काकू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. पाच मिनिटांचे काम, म्हणून वरची कडी घातली नाही. काकांनी धुवून आलेला सदरा घातला, बूट घातले, कपाटातून नेमका मला काढला आणि म्हणाले, "चला, बोट सुटेल."

दार उघडले. मी दहाबारा वर्षांनी रस्त्यावर आलो.

किती भ्यालो म्हणून सांगू! गाड्या, धूर, धक्के. काका मात्र झपझप चालत होते, तरुण माणसासारखे. पहिली बस आली तिच्यात चढले. कंडक्टरने विचारले, "कुठं जायचं आजोबा?"

काकांनी माझा नकाशा उलगडला. दोन्ही बाजूंच्या माणसांच्या मांड्यांवर तो पसरला. "हे बघा, इथं. वळणाच्या पुढचं गाव."

मागे कुणीतरी खुदकन हसले. कंडक्टर म्हणाला, "आमची गाडी मालधक्क्यापर्यंतच जाते."

"धक्का ना? मग बरोबर. बोट धक्क्यावरूनच सुटते."

शेजारच्या बाईंनी त्यांचे तिकीट काढले. "कुणी येणार आहे का तुम्हाला घ्यायला?" त्यांनी विचारले. काका म्हणाले, "कप्तान येईल." बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांचा थांबा आला आणि त्या उतरून गेल्या.

मालधक्का म्हणजे रेल्वेच्या मालगाड्या रिकाम्या करायची जागा. सिमेंटची पोती, लोखंडी सळया, काचेची खोकी, ओरडणारे हमाल. नदी नाही, बोट नाही. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत फिरले. भुरभुर पाऊस सुरू झाला. तेव्हा त्यांनी काय केले सांगू? सदऱ्याची वरची दोन बटणे सोडून मला आत छातीशी घेतले आणि वरून हात धरले. आपण कुठे राहतो हे ते विसरले होते. पुस्तक भिजू द्यायचे नाही, हे विसरले नव्हते. त्यांचे काळीज माझ्या पुठ्ठ्यावर धडधडत होते. दोघेही सारखेच भ्यालो होतो.

दुपार झाली. तिथला राखणदार जवळ आला.

"आजोबा, सकाळपासून बघतोय. कुठं राहता?"

काकांनी खूप विचार केला. "चौतिसाव्या चित्रात," ते म्हणाले, आणि दाखवायला म्हणून नकाशा ओढून उघडला. वारा होता. चौथ्या घडीवर टर्रकन आवाज झाला आणि मी मधोमध फाटलो. काकांना कळलेसुद्धा नाही.

राखणदाराने त्यांचे खिसे चाचपले. चिठ्ठी नाही. धुताना काढलेली चिठ्ठी परत ठेवायची राहिली होती. मग त्याने मला उघडून पहिले पान पाहिले, नाव असेल म्हणून. तेही कोरे. काका आपल्या कोणत्याच ग्रंथावर नाव घालत नसत. जुन्या पुस्तकाचा कोणी मालक नसतो, नुसता राखणदार असतो, असे त्यांचे म्हणणे. त्या क्षणी मला वाटले, काका, एकदा तरी मालक व्हायचे होते हो!

"इथंच बसा, मी पोलिसांना फोन करतो," म्हणून तो खोलीकडे वळला. आणि तेवढ्यात काचेच्या खोक्यांमागून मला तो आवाज ऐकू आला. कानावर पेन्सिल, खिशात सुरी. चौकटवाला! काचा न्यायला टेंपो घेऊन आला होता.

खरे सांगतो, आधी त्याची नजर माझ्यावर पडली, मग काकांवर. तो जवळ आला. काकांनी त्याच्याकडे पाहिले, ओळखले नाही. उलट उठून उभे राहिले आणि मला दोन्ही हातांनी पुढे केले.

"तुम्ही बोटीचे ना? हे तिकीट."

चौकटवाल्याने मला घेतले. आसपास कोणी नव्हते. त्याने मला उघडले, एक झिरझिरीत कागद उचलला, अंगठ्याने रंगाच्या कडेला हात लावला. माझी पाचावर धारण बसली. निघून गेला असता तर कुणाला कळणार होते? काका कुणालाही काहीही सांगू शकले नसते.

"साहेब," काका म्हणाले, "परत यायचं पण आहे ना त्यात? बायको घरी एकटी आहे."

चौकटवाल्याने मला मिटले. त्याने गळ्यातला रुमाल काढून काकांचे ओले डोके पुसले. "आहे काका. जाऊन-येऊन आहे. चला बसा गाडीत."

काचेला धक्का लागू नये म्हणून असते ती घोंगडी त्याने माझ्याभोवती गुंडाळली. राखणदाराला सांगून, काकूंना फोन लावून तो निघाला. अर्ध्या काचा तिथेच राहिल्या.

घरी शेजारी जमले होते. मुलगी फोनवर रडत होती. काकूंनी मात्र आधी काकांची नाडी पाहिली, बूट काढले, कोमट पाण्याने पाय धुतले, फोडांना मलम लावले. हात अगदी स्थिर. चौकटवाल्याने मला पुढे केले तेव्हा त्या किंचाळल्याच.

"ते घरात आणू नका! त्यानंच नेलं यांना. तुम्हाला पाहिजे होतं ना? घेऊन जा. कापा, चौकटीत घाला, हॉटेलात लावा."

"काकू, तुम्ही आत्ता रागात आहात. उद्या बोलू."

"उद्या नाही. आत्ता न्या."

मी काकूंना दोष देत नाही. घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी रागवावे लागते. काकांवर त्या रागावू शकत नव्हत्या.

मी चौकटवाल्याच्या दुकानात गेलो. सरसाचा वास, लाकडाचा भुसा, भिंतीवर रिकाम्या चौकटी, जणू तोंडे उघडून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी ठेवून माप घेतले. मग सुरी. मित्रांनो, कागदाला रक्त नसते. एक बारीक करकर ऐकू येते आणि मग अंगात थंड हवा शिरते. एकोणिसावे चित्र, जुना दगडी पूल आणि खाली जाळी सुकवणाऱ्या बायका, माझ्यातून निघाले. ते त्याने चौकटीत घालून दर्शनी भिंतीवर लावले. माझ्यासमोरच.

नंतर त्याने विसावे चित्र धरले. सुरी टेकवण्यासाठी समोरचे पान बोटाने दाबले, आणि त्या पानावरची शेवटची ओळ त्याच्या डोळ्यांत शिरली. वाक्य अर्धेच होते: "तेवढ्यात माझ्या लक्षात आले की दादाच्या हातातला कुंचला". पुढचे पुढच्या पानावर. चौकटवाला थांबला. पान उलटले. मग स्टूल ओढून बसला. गिऱ्हाईक आले, त्याने हातानेच "नंतर या" म्हटले. त्या दिवशी सुरी पुन्हा उचलली गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज दुपारी तो मला काढून वाचत बसायचा आणि मी रोज ठरवायचो, आज वाचून संपेल आणि आज तो कापेल.

सहाव्या दिवशी काकू आल्या. सहा दिवसांत त्या वाळल्या होत्या.

"कापलंत का?"

चौकटवाल्याने मान खाली घातली. "एक. तुम्हीच म्हणाला होतात."

"हो. मीच म्हणाले होते." त्या स्टुलावर बसल्या. "ते जेवत नाहीत हो. सगळी कपाटं उघडून बघतात. काय शोधताय विचारलं तर सांगता येत नाही. पुस्तक हा शब्दच सुचत नाही त्यांना. नुसती बोटं मोजतात. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, आणि मग माझ्याकडे बघतात."

चौकटवाला उठला. भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे उपटले, पुठ्ठा सोडवला आणि एकोणिसावे चित्र त्याच्या जागी, पानांमध्ये, अलगद सरकवले.

"सांधून देऊ? नकाशा दिलाय सांधून. पातळ कागद लावलाय मागून, खळीनं. खूण दिसेल पण टिकेल."

"चित्र राहू दे सुटंच," काकू म्हणाल्या. "रागात काय बोलले ते माझ्या ध्यानात राहील."

"काकू, एक विचारू? या पुस्तकात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"नदी आहे. आणखी काय असणार?"

"भाऊ आजारी पडतो. प्रवासात तापानं त्याचे हात कापायला लागतात. धड रेघ येत नाही. मग बहीण चित्रं काढते. छत्तिसाव्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत, शेवटची सात तिची आहेत. हे बघा, तिला होडी सरळ जमत नाही."

काकूंनी चष्मा लावला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली होती, मला वाचले कधीच नव्हते. "आधी यायची तिला चित्रं?"

"नाही. लिहिलंय तिनं. रोज एक रेघ भावाला विचारून काढायची. पुढं पुढं तर त्याला बोलताही येईना, तरी ती विचारायची. कारण विचारलं नाही तर त्याला वाटेल प्रवास संपला."

काकूंनी सातही चित्रे एकेक करून पाहिली. मग मला छातीशी धरून घरी घेऊन आल्या.

आता रोज दुपारी काकू वाचतात आणि काका चित्रे बघतात. काकूंना वाचायची सवय नाही; अडखळतात, मधेच "अगंबाई" म्हणतात, पुढे काय होणार ते आधीच सांगून टाकतात. सुट्टीच्या दिवशी कधीकधी चौकटवालाही येऊन दाराशी बसतो आणि ऐकतो. मला त्याची भीती अजून वाटते. पण तो आला नाही तर चुकल्यासारखेही होते. मुलगी फोनवर विचारते, या सगळ्या पुस्तकांचे पुढे काय करायचे. काकू म्हणतात, बघू. त्या "बघू"वर माझी आणि तेहतीस जणांची झोप उडालेली आहे.

परवाची गोष्ट. काकूंनी पान संपवले आणि पाणी प्यायला थांबल्या. काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही रोज येता, इतकं छान वाचून दाखवता. तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल ना?"

काकूंनी पेला खाली ठेवला.

"असेल की," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच शेजारी बसलेय मी."

काकांना ते कळले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि माझे पान उलटायला हात पुढे केला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असे असेल, ज्याला आता वाट सापडत नाही. त्याच्याजवळ एखादे चित्रांचे पुस्तक घेऊन बसा. तेच पान दहादा वाचायला लागले तर दहादा वाचा. आणि पान त्याला उलटू द्या. हात थरथरेल, कोपरा दुमडेल, कदाचित फाटेलही. फाटू द्या. मी जन्माचा भित्रा आहे, पण एवढे मी सोसेन.